गिरणीतल्या चिठ्ठ्यांचं घर

मला रांगेत मागे राहिलेलं खपत नाही. नोकरीत असताना हट्टा गावच्या शाळेला जायच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांतली मी, आणि माझ्या रुमालावर दुसरं कोणी बसलंच तर त्याला उठवल्याशिवाय राहत नसे. तेव्हा आमच्या गल्लीच्या टोकाशी असलेल्या पिठाच्या गिरणीत माझा डबा दर खेपेला सगळ्यांच्या मागून निघायचा, हे मला किती झोंबत असेल ते वेगळं सांगायला नको.

शटर उघडायच्या आधी मी कट्ट्यावर डबा नेऊन ठेवायचे. डबा ओळखायला चुकण्याची सोयच नव्हती. चित्रकलेची बाई मी, डब्यावर ऑइल पेंटने नाव लिहिलेलं आणि नावाखाली मोर काढलेला. अख्ख्या वसमतमध्ये मोराचा डबा तेवढा एकच असेल. तरी तो मोर मागे मागे सरकत जायचा. माझ्या नंतर आलेले पत्र्याचे डबे, खताच्या धुतलेल्या पिशव्या, स्टीलचे पिंप, सगळे दळून घरी जायचे आणि मी समोरच्या कडुलिंबाखालच्या बाकावर बसून बघत राहायचे. हातात चित्रांची वही असायची म्हणून निभावलं, नाहीतर रोज भांडण झालं असतं.

गिरणीवाल्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही म्हणते. उभा जन्म पट्ट्याच्या घरघरीत गेल्यामुळे त्यांचे दोन्ही कान गेलेले. एकदा मी वहीत मोठ्या अक्षरात लिहून त्यांच्यासमोर धरलं, की माझा नंबर पहिला होता. त्यांनी ते वाचलं, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया वर केल्या, हात जोडले आणि "व्हय मॅडम, बराबर हाय" असं म्हणून माझा डबा पुन्हा शेवटीच काढला. मी मनाशी ठरवून टाकलं की एकट्या बाईचं दळण ते केवढं, म्हणून हा माणूस आपल्याला मागे टाकतो. गिरणी बदलायचाही विचार केला. पण दुसरी गिरणी पार मोंढ्याकडे, धान्याच्या बाजारापाशी, आणि डबा डोक्यावर घेऊन तिकडे जाणं माझ्या जिवावर आलं.

चाचांना ऐकू येत नाही म्हणून त्या गिरणीत चिठ्ठीचा रिवाज पडला होता. ज्याला काही सांगायचं असेल त्याची चिठ्ठी डब्यात दाण्यांवर ठेवलेली असायची. दळून झालं की चाचा ती चिठ्ठी तारेच्या आकड्यात टोचून ठेवायचे. मागाहून कोणी तणतणत आलं, की मी बारीक सांगितलं होतं आणि तुम्ही जाड दिलं, तर ते शांतपणे आकडा खाली काढून त्या घराची चिठ्ठी शोधून द्यायचे. माझं सांगणं काही नसायचं. भाकरीची ज्वारी, मध्यम, आईच्या वेळेपासून तसंच. मी डबा ठेवून बाकावर जायचे. बाकीच्या बायका मात्र डबा ठेवला की कट्ट्यालगतच्या जाळीच्या खिडकीशी टेकून मोठमोठ्याने बोलायच्या, सासूचं, सुनेचं, दुखण्याखुपण्याचं. खिडकीला आतून पडदा असे. मला वाटायचं, बायकांना बोलायला भिंतही पुरते.

आता या चिठ्ठ्यांशी माझा काय संबंध, ते सांगते.

आई होती तोवर दळण तिच्याकडे होतं. ती गेली, वर्षभरात मी निवृत्त झाले आणि घरात एकदम काही उरलं नाही. लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण नाही. एक ताट, एक वाटी, एक पेला धुवायचा, आणि मग दिवस तसाच पडलेला असायचा. त्या दिवसांत कधीतरी जवळा बाजार या गावी मैत्रिणीच्या सुनेला बघायला गेले होते. येताना आठवडी बाजारात भजी घेतली. पुडीचा कागद शाळेच्या वहीतला निघाला. त्यावर लहान मुलाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'आई मी रुसलो न्हाई. भूक न्हाई म्हणून जेवलो न्हाई.' तेलाने कागद पारदर्शक झाला होता, तरी अक्षर वाचता येत होतं. मी तो घडी करून पर्समध्ये ठेवला. घरी येऊन ड्रॉइंग पेपरच्या अर्ध्या तावावर चिकटवला आणि शेजारी जलरंगात एक ताट काढलं, त्यावर दुसरं ताट झाकलेलं. कुणाचं चित्र नव्हतं ते, फक्त झाकलेलं ताट. काढून झाल्यावर मी जेवले, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

त्यानंतर मला नादच लागला. कुठेही हाताने लिहिलेला कागद पडलेला दिसला की मी वाकते. बसस्टँडच्या बाकाखाली, ग्रंथालयाच्या पुस्तकात, बियाण्याच्या दुकानाबाहेर. लोक बघतात, बघू देत. कागद वाचायचा, त्यातला माणूस डोळ्यांसमोर येईतो थांबायचं आणि मग चित्र काढायचं. चित्रं साठली की गोधडीच्या दोऱ्याने शिवून पुस्तक करायचं, वरून आईच्या जुन्या लुगड्याचं कापड. चिठ्ठ्या चिकटवायला घरच्याच पिठाची खळ. पुस्तकाची प्रत एकच. छापायला वगैरे कधी दिलं नाही. शाळेतल्या एका जुन्या सहकारी बाईंना एकदा कौतुकाने दाखवलं, तर त्यांनी पानं उलटली आणि विचारलं, "पण हे कशासाठी?" मी पुस्तक परत घेतलं, चहा दिला आणि पुन्हा कुणाला दाखवायच्या भानगडीत पडले नाही.

चाचांचा आकडा भरला की ते चिठ्ठ्या चुलीत घालायचे. मी त्यांना लिहून सांगितलं, चुलीत घालू नका, मला द्या. त्यांनी काहून म्हणून विचारलं नाही. तेव्हापासून भरलेला आकडा मोराच्या डब्यावर ठेवलेला असे.

या चिठ्ठ्यांत नाना तऱ्हेची अक्षरं होती. पण एक अक्षर सारखं सारखं यायचं. निळं बॉलपेन, पहिल्या शब्दाखाली रेघ, आणि ळ पोट फुगवून काढलेला. कागदही वेगळा. लग्नपत्रिका कापून केलेले चौकोन, मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलेलं. 'ज्वारी. लई बारीक दळा. आजोबाला दात न्हाईत.' 'गहू, पुरणपोळीचे. जावई येऊन राहिला.' 'बाळंतिणीची बाजरी हाय. आदी चक्की साफ करा.' 'नाचणी. साखरेच्या माणसाची. गव्हाच्या मागून टाकू नका.' 'भाजणी चकलीची. लेक येणार पुण्याहून, तिला जाडसर आवडते.' 'राजगिरा उपासाचा.'

केवढं मोठं घर असेल हे! इतक्या लग्नपत्रिका ज्या घरी येतात त्यांचा गोतावळा केवढा असेल. आणि त्या घरात कोणीतरी एक बाई होती जिला प्रत्येकाचं तोंड, दात, पोट, दुखणं ठाऊक होतं आणि ते ती गिरणीपर्यंत पोचवत होती. मी त्या अक्षराच्या चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि त्यांचं स्वतंत्र पुस्तक करायला घेतलं.

त्या घराला मी स्लॅबची गच्ची दिली, गच्चीवर हळद वाळत घातली. ओसरीत आजोबांची बाज. आतल्या खोलीत बाळंतीण, दाराला पडदा, खालून शेगडीचा लालसर उजेड. पुण्याहून येणाऱ्या लेकीची बॅग मी दारातच ठेवली, ती अजून उघडलेली नाही अशी. जन्मभर मुलांना स्मरणचित्र शिकवलं, माणसं मोठी काढा म्हणून ओरडत राहिले. स्वतः चित्र काढताना मात्र इतकी मोठी, इतकी जवळ जवळ बसलेली माणसं मी कधी काढली नव्हती. कागद पुरायचा नाही.

खोटं कशाला सांगू, मी त्या घरात राहायला लागले होते. आमटी करताना मनात यायचं, इतकं तिखट आजोबांना चालायचं नाही. दिवाळीच्या दिवशी दुपारी मी माझ्या खोलीत बसून, आता तिकडे कोण कोण आलं असेल ते मोजत होते. हा वेडेपणा आहे हे मला समजत होतं. पण शहाणं राहून करायचं काय, हा प्रश्न होता.

दोन चिठ्ठ्यांनी जरा अडवलं. एकीवर लिहिलं होतं, 'रोजे हाईत. आज लवकर द्या.' अक्षर तेच, ळ नव्हता पण रेघ तीच. माझ्या घरात उपासाचा राजगिरा होता, पुरणपोळी होती, तिथे रोजे कुठून येणार? दुसऱ्या कोणाचं अक्षर असेल असं म्हणून मी ती चिठ्ठी पुस्तकात घेतली नाही, मागच्या घडीत सारून दिली.

दुसरी चिठ्ठी अशी होती: 'बसू द्या तिला. घरी कोणी न्हाई.' धान्याचं नाव नाही, जाड-बारीक काही नाही. ती मात्र मी बसवली. मनात आलं, त्या दिवशी सगळं घर लग्नाला गेलं असेल आणि मागे एक आत्या राहिली असेल. बिनलग्नाची, मागच्या खोलीतली. तिला दळणाच्या निमित्ताने गिरणीवर धाडलं असेल, आणि त्या चिठ्ठीवाल्या बाईला जाता जाताही आठवलं असेल की आत्या एकटी आहे, चार माणसांत बसू दे. मी आत्याचं चित्र काढलं. पाठमोरी, कट्ट्यावर बसलेली, पाय अधांतरी. त्या पानाला मी फार वेळ घेतला. सांगायला लाज वाटते, पण मला त्या आत्याचा हेवा वाटला. माझ्यासाठी असलं काही लिहिणारं जगात कोणी नव्हतं.

पुस्तक होत आलं होतं तेव्हाच चाचांनी मला एक कागद दिला. त्यांचं स्वतःचं थरथरतं अक्षर: 'मॅडम, एक बोर्ड लिहून द्या. गुढीपाडव्यापासून गिरणी बंद.' आता घराघरांत घरघंटी आलीय, नाहीतर लोक पिठाची पिशवीच आणतात. गिऱ्हाईक उरलं नव्हतं आणि चाचांचा नांदेडचा मुलगा कधीपासून बोलावत होता. मी बोर्ड लिहून दिला. पत्र्यावर पिवळी अक्षरं काढताना हात चांगला चालत होता, पण मन चिठ्ठ्यांपाशी होतं. गिरणी बंद म्हणजे चिठ्ठ्या बंद, आणि चिठ्ठ्या बंद म्हणजे ते घर बंद. आजोबांचं काय झालं, बाळाचं बारसं झालं का, मला कधीच कळणार नव्हतं.

तेव्हा पाडव्याच्या आत ते घर शोधायचं आणि पुस्तक नेऊन दाखवायचं, असं मी ठरवलं. काय म्हणतील? हाकलून देतील, हसतील, किंवा म्हणतील बसा. मला त्यांनी बसा म्हणायला हवं होतं. एवढंच हवं होतं.

मी पुरणपोळीच्या चिठ्ठीचं पान चाचांसमोर धरलं आणि वहीत लिहिलं, हे अक्षर ज्यांचं त्यांचं घर कुठे? चाचा चिठ्ठीकडे बघून हसले. त्यांनी अंगठा मागच्या बोळाकडे केला. "मागून जा मॅडम. दार उघडंच हाय."

म्हणजे ते घर इतकं जवळ होतं, गिरणीच्या मागे! मी घरी जाऊन साडी बदलली. घरात लेकरं असतील म्हणून बिस्किटांचे पुडे घेतले, बरेच घेतले. पुस्तक कापडात गुंडाळलं. बोळात हळद शिजवल्याचा वास भरला होता. दार खरंच उघडं होतं. आत खाटेवर माझ्याच वयाची, थोडी मोठीच, एक बाई बसली होती. डोक्यावरून ओढणी, एक पाय लांब करून गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवलेली. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "या मॅडम. बसा. मोराचा डबा ना?"

मी बसले. तिने बसा म्हटलं होतं, पण खोलीत दुसरं कोणीच नव्हतं. एक खाट, एक कपाट, भिंतीपलीकडून चक्कीची घरघर. मी आतल्या दाराकडे बघत राहिले, कोणीतरी येईल म्हणून. तेवढ्यात खाटेशेजारच्या पडद्याआडून बाईचा मोठा आवाज आला, "खाला, गहू हायेत. फुलक्याचे. पोरीच्या सासरचे लोक यायलेत." खाटेवरच्या बाईने पडदा जरासा सारला. पलीकडे जाळी होती, जाळीपलीकडे कट्टा आणि कट्ट्यावर डबा. खिडकीच्या फळीवर लग्नपत्रिकांचा गठ्ठा, कात्री, निळं पेन. तिने एक चौकोन कापला, लिहिलं, पहिल्या शब्दाखाली रेघ ओढली आणि चिठ्ठी जाळीच्या फटीतून डब्यात टाकली.

मी बिस्किटांचे पुडे मांडीवर घेऊन बसून होते.

ती चाचांची धाकटी बहीण. नवरा गेल्यापासून भावाकडे. सातवीपर्यंत मराठी शाळा शिकलेली. गुडघ्यांमुळे उठणं-फिरणं बंद झालं तेव्हापासून ती खिडकीत बसून चिठ्ठ्या लिहायची. ज्यांना लिहिता येत नाही त्या, आणि ज्यांना लिहायचा कंटाळा त्याही, डबा ठेवून खिडकीला सांगायच्या. लग्नपत्रिका गिऱ्हाइकांच्याच. हे सगळं तिने पाणी देता देता सांगितलं, मी काही विचारलं नव्हतं. ज्या बायका भिंतीशी बोलतात म्हणून मी मनात हसायचे, त्या हिच्याशी बोलत होत्या.

माझ्या हातातलं कापड बघून तिने विचारलं, हे काय आणलं. आता न दाखवून चालणार नव्हतं. मी पुस्तक तिच्या मांडीवर ठेवलं.

तिने स्वतःचं अक्षर ओळखलं आणि ओढणीने तोंड पुसलं. मग ती एकेक पान उलटायला लागली, आणि माझं घर माझ्या डोळ्यांसमोर उसवत गेलं. आजोबा नदीकडच्या गल्लीतले होते, मागच्या साली वारले. बाळंतीण शिरड शहापूरची, माहेरी आली होती, लेकरू आता चालतंय. पुरणपोळीच्या घरचा जावई त्या दिवशी आलाच नव्हता, सगळं पुरण शेजारीपाजारी वाटलं, तिलाही वाटीभर आलं होतं. साखरेचा माणूस म्हणजे चाचाच, विसरतात म्हणून त्यांच्याही दळणाला चिठ्ठी. ती खुशीत होती. बोट ठेवून सांगत होती, गच्ची मी कोणाची काढली ते विचारत होती. मी हं हं करत होते. ती माणसं सगळी खरी होती, माझ्या चित्रांपेक्षा खरी होती, पण ती एकमेकांची कोणी नव्हती. आजोबांनी ती बाळंतीण कधी पाहिलीच नव्हती. मला रडू यायला लागलं आणि त्याचा रागही यायला लागला.

मागच्या घडीतून रोज्याची चिठ्ठी खाली पडली. ही काहून चिकटवली न्हाई, असं तिने विचारलं. मी म्हटलं, बसत नव्हती. ती म्हणाली, "ही माझी. मी माझ्यासाठी लिवलेली एवढी एकच." आणि तिने ती उचलून फळीवर ठेवून दिली.

मग आत्याचं पान आलं. तिने पान जवळ घेतलं. चित्राकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

मी घाईने सांगायला लागले, की ही आत्या आहे, सगळे लग्नाला गेलेत, ही एकटी मागे राहिलीय, म्हणून.

"ह्या तुमी हाव मॅडम," ती म्हणाली. "तुमच्या आईच्या मागं पयल्यांदा डबा घेऊन आलत्या ना, त्या दिवशीची चिठ्ठी हाय ही. भावानं चुलीत घातली न्हाई, आकड्यालाच राहू दिली. भावाला सांगितलं, हिचा डबा मागून काढत जा. लवकर दिला तर लवकर घरी जाईल, आन् घरी कोण हाय?"

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं मी पहिला नंबर लावत होते, आणि इथे पडद्याआड बसून कोणीतरी ठरवत होतं की हिला बसवून ठेवा. मला घाई असते, मी म्हटलं. आवाज चढला होता.

"कशाची?" तिने विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होती.

मला एकही गोष्ट आठवली नाही. माझी कीव करायचं काही कारण नव्हतं, एवढंच मी म्हणाले, आणि पुस्तक घ्यायला हात पुढे केला. तिने पुस्तक सोडलं नाही.

"कीव न्हाई," ती म्हणाली. "बाया गेल्या की कट्टा रिकामा व्हतो. मग समोर तुमी तेवढ्या राहता. तुमी चित्र काढून राहता, मी हितून बघत बसते. मला वाटायचं, आपण दोघी बसलोय."

मी खिडकीपाशी गेले आणि पडदा सारला. समोर कडुलिंब, त्याखाली बाक. अगदी जवळ होता बाक. हात वर केला असता तर तिला दिसला असता, आणि तिने हाक मारली असती तर मला ऐकू आली असती. मी तिथे बसून मनातल्या मनात चाचांना शिव्या घालत होते, आणि घरी जाऊन एका आत्याचा हेवा करत होते. मी रडले. तिने बिस्किटाचा एक पुडा फोडला आणि आम्ही चहाबरोबर तीच बिस्किटं खाल्ली.

त्यानंतर पाडव्यापर्यंत मी जवळजवळ रोज गेले. दळण नसताना गेले. कधी तिने सांगावं आणि मी चिठ्ठी लिहावी, पण चाचांना माझं अक्षर लागायचं नाही, ते भिंतीवर थाप मारून तिच्याकडूनच पुन्हा लिहून घ्यायचे. भावाबरोबर तीही नांदेडला त्याच्या मुलाकडे जाणार होती. तिथे घर भरलेलं आहे, असं ती सांगायची, नातवंडं आहेत, सुना आहेत, खिडकी मात्र तिसऱ्या मजल्यावर आहे. मी नांदेड काय लांब आहे, असं म्हणायचे. ती व्हय म्हणायची. जाऊ असं मी म्हणत होते खरी, पण भरलेल्या घरात आपण काय म्हणून जाणार, हे मला कळत नव्हतं, आणि तेव्हापासून आजपर्यंत मी गेलेली नाही.

शेवटच्या दिवशी मी डबा उशिराच नेला आणि रांगेच्या टोकाला ठेवला. चाचांनी मोर बघितला, बाकाकडे बघितलं. मी आत खाटेवर होते, खिडकीतून त्यांना हात केला. पुस्तक मी तिच्यासाठी आणलं होतं. अक्षर तिचं, माणसं तिच्या ओळखीची. माझं त्यात होतं काय, रंग आणि गच्ची. देताना हात आखडला, ते कबूल करते. एकच प्रत, आणि तेवढंच एक घर माझ्याकडे होतं.

तिने पुस्तक घेतलं. मग आत्याचं पान काढलं, बोट पेल्यातल्या पाण्यात बुडवलं आणि चिठ्ठीच्या कडेने फिरवलं. पिठाची खळ, ती लगेच सुटते. चिठ्ठी अलगद निघाली, मागे कागदावर पांढरा चौकोन राहिला. "ही तुमची," ती म्हणाली. चित्र मात्र तिने ठेवून घेतलं.

माझा डबा शेवटी निघाला. तो दळून झाल्यावर चाचांनी मोटार बंद केली आणि पट्टा उतरवला. इतकी शांतता त्या जागेत मी कधी ऐकली नव्हती. डबा गरम होता, साडीच्या पदराने धरून मी तो घरी आणला.

चिठ्ठी मी पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून लावली आहे, खळीनेच. डबा उघडला की दिसते. पीठ आता कोपऱ्यावरच्या दुकानातून आणते, पिशवीतलं. तिथे थांबावं लागत नाही.